मेत्ता आली, मेत्ता गेली : तात्पुरत्या सांभाळाचा एक अभ्यासपाठ

विद्यालयाच्या स्मरणिकेत संस्थेची वाटचाल, माजी विद्यार्थ्यांचे यश आणि धम्मविषयक चिंतन यांना स्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. या लेखात आम्ही मात्र वसतिगृहातील एका लहानशा उपक्रमाचा अभ्यास मांडत आहोत. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही एका तरुण कुत्रीचा सुमारे अकरा आठवडे सांभाळ केला आणि जानेवारीच्या अखेरीस तिला तिच्या कायमच्या घरी पाठवले. घटना एवढीच. तथापि वर्गात चार ब्रह्मविहारांचे जे पाठ आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो, त्यांची परीक्षा या अकरा आठवड्यांत जशी झाली तशी पूर्वी कधी झाली नव्हती. ही परीक्षा विद्यार्थ्यांची होती, त्याहून अधिक ती आमची, शिक्षकांची होती.

तात्पुरता सांभाळ म्हणजे काय?

रस्त्यावर जखमी अथवा सोडून दिलेल्या अवस्थेत सापडलेल्या प्राण्यांवर प्राणिमित्र संस्था उपचार करतात. जखम भरते, लसी टोचल्या जातात, नसबंदी होते आणि प्राणी दत्तक देण्याजोगा होतो. पण दत्तक घेणारे कुटुंब त्याच दिवशी दारात उभे नसते. मधल्या काळात प्राणी पिंजऱ्यात राहिला तर त्याची जागा अडते आणि पुढच्या जखमी जिवाला नकार द्यावा लागतो. शिवाय घरात कसे वागावे, शौचास कोठे जावे, माणसांच्या वर्दळीत निर्धास्त कसे निजावे, हे पिंजरा त्याला शिकवू शकत नाही. म्हणून एखादे घर वा संस्था काही आठवड्यांपुरती ही जबाबदारी स्वीकारते. यालाच तात्पुरता सांभाळ म्हणावे. दत्तक घेणारा प्राण्याला आपले घर देतो, तर सांभाळ करणारा त्याला पुढच्या घरासाठी तयार करतो. पहिल्या दिवसापासून निरोपाची तयारी करणे हे या कामाचे वैशिष्ट्य होय.

आमच्याकडे आलेली कुत्री सुमारे आठ महिन्यांची, पिवळसर तांबूस रंगाची, बारा किलो वजनाची होती. महामार्गाच्या कडेला पाय दुखावलेल्या स्थितीत ती सापडली होती. उपचारानंतर ती उत्तम चालत होती आणि येणाऱ्या प्रत्येकाकडे शेपटी हलवीत जात होती. पाली विषयाच्या तासाला विद्यार्थ्यांनी तिचे नाव ‘मेत्ता’ ठेवले. आठवी-नववीच्या बारा विद्यार्थ्यांचा गट नेमला गेला आणि अन्न, स्वच्छता, फिरवणे व नोंदवही अशी कामे वाटून देण्यात आली.

पालकसभेतील प्रश्न

उपक्रम सुरू होऊन पंधरवडा झाला असेल. पालकसभेत एका विद्यार्थ्याचे आजोबा उठून उभे राहिले. जयभीम करून ते म्हणाले, “गुरुजी, आमच्या बापजाद्यांना तळ्यावर पाणी नव्हतं, कुत्र्याला होतं. आता कुठं आमची नातवंडं शाळेत बसायला लागली, अन् तुम्ही त्यांना कुत्र्याची सेवा शिकवता?” सभा स्तब्ध झाली. आजोबांच्या शब्दांत राग होता, परंतु त्या रागामागे इतिहास उभा होता. त्याला घाईघाईने उत्तर देणे म्हणजे त्या इतिहासाचा अनादर ठरला असता.

1923 मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई प्रांतातील सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले, पण ते केवळ कागदावर. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत, अन्य धर्मीय माणसे पाणी भरत, परंतु अस्पृश्य मानलेल्या माणसाला तेथे मज्जाव होता. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी गाईचे शेण आणि गोमूत्र वापरण्यात आले. पशूची विष्ठा पवित्र आणि माणसाचा स्पर्श अपवित्र, हा त्या व्यवस्थेचा हिशेब होता. ज्यांच्या घराण्याने तो हिशेब सोसला आहे, त्यांच्या मनात प्राणिप्रेमाच्या भाषेविषयी संशय असणे स्वाभाविक आहे. जी करुणा पशूपर्यंत पोहोचते आणि शेजारच्या माणसापाशी थांबते, ती करुणा नव्हेच, हे आम्ही त्या सभेत प्रथम मान्य केले.

परंतु विचार तेथे संपत नाही. महाडचा अन्याय कुत्रा पाणी पीत होता यात नव्हता. तो माणसाला पाणी नाकारण्यात होता. तो नियम कुत्र्याने केला नव्हता. सम्राट अशोकाने इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी अशा दोन्ही प्रकारच्या चिकित्सेची व्यवस्था केल्याचे नोंदवले आहे. रस्त्यांच्या कडेने झाडे लावली, विहिरी खोदल्या, त्याही माणसे आणि पशू या दोघांच्या उपयोगासाठी. एकाच्या तहानेला दुसऱ्याच्या तहानेविरुद्ध उभे करणारी व्यवस्था पुढे निर्माण झाली, धम्माच्या राज्यनीतीत ती नव्हती. दोघांची तहान एकाच विहिरीवर भागावी, हा आपला वारसा आहे. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतले. त्यांचे पूर्ण समाधान झाले असा आमचा दावा नाही. जाताना मात्र त्यांनी विचारले, “आधी पोरांचं जेवण होतं ना, का कुत्रीचं?” आम्ही सांगितले, “आधी पोरांचं.” ते म्हणाले, “मग चालू द्या.”

जन्माने श्रेष्ठ कोण?

जातककथांमध्ये बाविसावे जातक ‘कुक्कुर जातक’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात बोधिसत्त्व कुत्र्याच्या जन्मास येऊन स्मशानात आपल्या मोठ्या समूहासह राहत असतो. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडी साज रात्री अंगणात भिजून मऊ होतात आणि राजवाड्यातील कुत्रीच ते खाऊन टाकतात. सेवक मात्र सांगतात की बाहेरची कुत्री गटारातून आत शिरली. राजा नगरातील कुत्री दिसतील तेथे मारण्याची आज्ञा देतो. बोधिसत्त्व एकटा, मैत्रीभावना मनात धरून, राजासमोर जातो आणि विचारतो, सर्व कुत्री मारली जात आहेत काय? राजा म्हणतो, राजवाड्यातील उत्तम जातीची कुत्री वगळून. यावर बोधिसत्त्व दाखवून देतो की हा न्याय नसून पक्षपात आहे. मग तो ताकात गवत कालवून राजवाड्यातील कुत्र्यांना पाजण्यास सांगतो, आणि चामड्याचे तुकडे बाहेर पडतात. अपराध कुलीनांचा होता, शिक्षा बेघरांना होत होती.

ही कथा वर्गात वाचली तेव्हा ती जुनी वाटली होती. मेत्तासाठी घर शोधू लागलो तेव्हा तिचा अर्थ उमगला. पहिल्या चौकशीत सर्वांत अधिक विचारला गेलेला प्रश्न तिच्या स्वभावाचा वा प्रकृतीचा नव्हता. प्रश्न होता, “जात कोणती?” ‘गावठी’ असे उत्तर दिले की पुढचे बोलणे थांबे. नववीतील एका विद्यार्थिनीने नोंदवहीत लिहिले की, मेत्ताने काय केले हे कोणी विचारत नाही, ती कोणाच्या पोटी जन्मली एवढेच विचारतात. आमच्या विद्यालयातील मुलीला हे वाक्य कोणी शिकवावे लागले नाही.

वस्तुतः आपल्याकडील देशी कुत्रे येथील हवामानाला जुळलेले आहे. आखूड केसांमुळे त्याला उन्हाळा तुलनेने सुसह्य होतो. उलट दाट केसांची वा चपट्या नाकाची विदेशी जात उष्ण प्रदेशात त्रास भोगते, कारण कुत्रे प्रामुख्याने धापा टाकूनच शरीर थंड करते आणि चपट्या नाकामुळे त्या क्रियेत अडथळा येतो.

सांभाळाचे शास्त्र

मैत्री केवळ भावनेने सिद्ध होत नाही, तिला ज्ञानाची जोड हवी. विद्यार्थ्यांनी पशुवैद्यकांच्या मार्गदर्शनाखाली जे शिकले त्याचा सारांश असा.

प्रथम काळ. नव्या जागेत आलेल्या कुत्र्याविषयी सांभाळकर्त्यांत एक ठोकताळा प्रचलित आहे : पहिले तीन दिवस भांबावण्याचे, तीन आठवडे दिनक्रम समजण्याचे आणि तीन महिने घर आपले वाटण्याचे. मेत्ता मनमिळाऊ असूनही पहिले दोन दिवस जिन्याखाली बसून राहिली. तिला ओढून बाहेर काढायचे नाही, सर्वांनी एकदम भोवती जमायचे नाही, जवळ बसून वाचन करायचे आणि ती आपणहून येईल तेव्हाच हात पुढे करायचा, असा नियम होता. तिसऱ्या दिवशी ती आली.

दुसरे अन्न. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील लाल पेशींना अपाय करतात. म्हणून भोजनालयातील फोडणीची आमटी तिला वर्ज्य होती. द्राक्षे व मनुका मूत्रपिंडांस घातक असतात आणि चॉकलेटमधील थिओब्रोमीन हे विषच ठरते. शिजवलेली हाडे फुटून त्यांच्या टोकदार कपच्या आतड्यात रुततात. मोठ्या झालेल्या बहुतेक कुत्र्यांना दूध नीट पचत नाही. केवळ पोळी खाऊन वाढत्या वयाला पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. तिच्यासाठी बिनफोडणीचा भात, उकडलेली अंडी, उकडलेला भोपळा आणि थोडे दही, असे वेगळे पातेले ठेवले. दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी.

तिसरे शिस्त. शौचाची सवय मारून लागत नाही. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच तिला ठरलेल्या जागी न्यायचे, काम झाले की त्याच क्षणी शाबासकी द्यायची. चूक झाल्यावर तासाभराने रागावले तर प्राण्याला राग कळतो, कारण कळत नाही. ती चपला चावत असे. तेव्हा दोष चपलेच्या जागेचा मानावा आणि चावायला दुसरे काही द्यावे, हे ठरले. या नियमामुळे वसतिगृहातील चपला प्रथमच रांगेत लागल्या, हा लाभ अनपेक्षित होता.

चौथे आरोग्य. पिल्लांना पारवो, डिस्टेंपर इत्यादी रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून ठरावीक अंतराने दिली जाते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या वयानंतर देतात आणि पुढे ती पशुवैद्यकांच्या सल्ल्याने नियमित द्यावी लागते. मेत्ताचे लसीकरण पूर्ण झालेले होते. तरीही, तिच्यामुळे परिसरातील इतर कुत्र्यांविषयी मुलांच्या मनात गैरवाजवी निर्धास्तपणा येऊ नये म्हणून आम्ही रेबीजचा स्वतंत्र पाठ घेतला. अनोळखी कुत्रे खात असता, निजले असता अथवा पिल्लांजवळ असता त्याच्या वाटेस जाऊ नये. ते अंगावर आले तर पळू नये, स्थिर उभे राहावे. चावा वा ओरखडा लागल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. तिखट, हळद, चुना यांपैकी काहीही लावू नये. त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी आणि सांगितलेले सर्व डोस पूर्ण करावेत. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो, पण वेळेवर घेतलेली लस त्याला रोखते. 6 जुलै 1885 रोजी लुई पाश्चर यांच्या लसीने नऊ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाचे उपचार सुरू झाले व तो वाचला. पाश्चर यांचा स्मृतिदिन, 28 सप्टेंबर, आज जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो. भीती आणि बेफिकिरी या दोन्हींच्या मधला मार्ग ज्ञानाचा आहे.

चौथ्या शीलाची कसोटी

डिसेंबरमध्ये गावातून लग्नाची वरात गेली. फटाके वाजताच मेत्ता थरथर कापू लागली आणि रात्रभर कपाटामागून निघाली नाही. त्यानंतर दोनच दिवसांनी दत्तकासाठी तिचे माहितीपत्रक लिहावयाचे होते. गटात वाद झाला. काहींचे म्हणणे होते की फटाक्यांची भीती आणि चपला चावणे या गोष्टी लिहू नयेत. आधीच गावठी म्हणून कोणी पाहत नाही, त्यात दोष सांगितले तर घर मिळणारच नाही. हे म्हणणे तिच्या हिताच्या तळमळीतूनच आले होते, म्हणून त्याचे खंडन करणे सोपे नव्हते.

आम्ही एकच प्रश्न विचारला : माहिती दडवून घर मिळाले आणि दिवाळीच्या रात्री त्या कुटुंबाला हे कळले, तर त्याची किंमत कोण मोजील? उत्तर मुलांनीच दिले, मेत्ता. असत्यापासून विरत राहण्याचे शील केवळ बोलणाऱ्याच्या शुद्धीसाठी नसते. ज्याच्याविषयी बोलले जाते, त्याचे रक्षणही ते करते. पत्रकात सर्व लिहिले गेले. पहिल्या कुटुंबाने ते वाचून नकार दिला, आणि तो नकार प्रामाणिक होता. तीन आठवड्यांनी तालुक्याच्या गावाहून एक कुटुंब आले. त्यांनी प्रथम हेच विचारले की, फटाके वाजतात तेव्हा तिला कोठे बसवावे म्हणजे बरे वाटते. संस्थेच्या कार्यकर्त्यांनी घरभेट दिली, करारपत्र झाले आणि दिवस ठरला.

आसन्न शत्रू

आचार्य बुद्धघोषांनी ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात ब्रह्मविहारांचे विवेचन करताना प्रत्येकाचा एक दूरचा आणि एक जवळचा, म्हणजे आसन्न, शत्रू सांगितला आहे. मेत्तेचा दूरचा शत्रू द्वेष होय, तो सहज ओळखू येतो. तिचा आसन्न शत्रू आहे राग, म्हणजे आसक्ती. ती मैत्रीसारखीच दिसते, म्हणून अधिक फसवते. उपेक्खेचा आसन्न शत्रू आहे अज्ञानातून आलेली बेपर्वाई. मराठीत ‘उपेक्षा’ या शब्दाला हाच दुसरा अर्थ चिकटला आहे. पालीतील उपेक्खा म्हणजे दुर्लक्ष नव्हे. मन समतोल ठेवून, डोळे उघडे ठेवून पाहणे म्हणजे उपेक्खा. हा भेद आम्ही फळ्यावर अनेकदा लिहिला होता.

निरोपाच्या सकाळी मेत्ताची दोरी सापडेना. शोध घेता ती सहावीतील एका विद्यार्थ्याच्या पेटीत मिळाली. तो गटात नव्हता, पण रोज संध्याकाळी तिच्याजवळ येऊन बसत असे. जूनमध्ये वसतिगृहात आला तेव्हा तोही बरेच दिवस जिन्याखालीच बसे, हे आम्हांस ठाऊक होते. तो रडला नाही. एवढेच म्हणाला, “सर, तिला वाटेल आपण तिला सोडून दिलं.”

त्या क्षणी आसन्न शत्रूचे विवेचन त्याच्यापुढे मांडणे आम्हांस उचित वाटले नाही. त्याच्या वाक्यात आसक्ती होती हे खरे, पण त्यात एका मुलाचे स्वतःचे दुःखही होते. त्या दुःखाला दोष म्हणून नाव देणे ही आमचीच बेपर्वाई ठरली असती. आम्ही त्याला जवळ बसवले आणि सांगितले की, तिला तसे वाटेलही, काही दिवस वाटेल. ते खोटे सांगून टाळता येणार नाही. पण नव्या घरच्यांना तिची ओळख नाही, तुला आहे. तिला काय आवडते, ते तू लिहून दे. त्याने वहीचे पान घेतले. कानामागे खाजवलेले आवडते, पाण्याचे भांडे सावलीत हवे, केरसुणीला भिते, रात्री निजताना कोणीतरी जवळ बोलत असले की लवकर झोपते, असे अकरा मुद्दे त्याने लिहिले. मग पान आणि दोरी दोन्ही त्याने स्वतःच्या हाताने त्या कुटुंबातील मुलीकडे दिली.

सिद्धार्थ आणि देवदत्त यांच्यातील जखमी पक्ष्याचा वाद आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा अधिकार श्रेष्ठ, हा त्याचा निर्णय. तात्पुरत्या सांभाळाने आम्हांस त्यापुढील एक पायरी दाखवली. वाचवणाऱ्याचा अधिकारही मालकीचा नसतो. जिवाचे कल्याण जेथे होईल तेथे त्याला पोहोचवण्यापुरताच तो असतो. वसतिगृहाचे कामही याहून वेगळे नाही. मुले येतात, त्यांना जेवू घालावे, शिकवावे, निर्भय करावे आणि दहावीनंतर त्यांच्या मार्गाने जाऊ द्यावे.

पहिल्या रात्री मेत्ता दाराशी बसून कण्हत राहिली, असे त्या कुटुंबाने दुसऱ्या दिवशी कळवले. त्यांनी ते लपवले नाही, याचे आम्हांस समाधान वाटले. महिन्याभराने तिचे छायाचित्र आले. ओट्यावर सावलीत ती पाय पसरून निजली आहे आणि पाण्याचे भांडेही सावलीतच आहे. सहावीतील त्या विद्यार्थ्याने छायाचित्र बराच वेळ पाहिले आणि म्हणाला, “भांडं बरोबर ठेवलंय.” दुसऱ्याच्या सुखात सुख मानणे यास मुदिता म्हणतात. त्या वाक्यात ती होती, आणि थोडे दुःखही होते. दोन्ही एकत्र असू शकतात, हे आम्ही आता वर्गात शिकवतो.

स्वाध्याय

1. मैत्री आणि आसक्ती यांतील भेद स्वतःच्या अनुभवातील एका प्रसंगाने स्पष्ट करा.

2. अशोकाच्या विहिरी आणि चवदार तळे या दोहोंची तुलना करून ‘सार्वजनिक’ या शब्दाचा अर्थ लिहा.

3. कुक्कुर जातकातील राजाच्या आज्ञेत कोणता पक्षपात होता? आजच्या व्यवहारातील तशी दोन उदाहरणे द्या.

4. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 51-क मध्ये, 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने, नागरिकांची मूलभूत कर्तव्ये समाविष्ट झाली. सजीवांविषयी करुणा बाळगणे हे त्यांपैकी एक होय. हे कर्तव्य आपल्या वसतिगृहात कोणकोणत्या मार्गांनी पाळता येईल?

5. तुमच्या वसतिगृहात जूनमध्ये नवीन विद्यार्थी येईल. पहिले तीन दिवस त्याच्याशी कसे वागावे, याचे पाच नियम तयार करा आणि ते स्वतः पाळा.